तासणीच्या खुणा

"...मग उणं काय आहे, ते तरी सांगा, उस्ताद."

घळसासींनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला.

उस्ताद बाबालाल शिकलगार गाडीभोवती फिरत होते. हात पाठीशी बांधलेले. पावले सावकाश, दर्ग्याच्या आवारात टाकावीत तशी. शुक्रवारची नमाज आटोपून ते रिक्षाने आले होते, आणि आल्यापासून एक शब्दही बोलले नव्हते.

गाडी एकोणीसशे अठ्ठेचाळीस सालची. परदेशी बनावटीची पिकअप. पुढे दोन माणसांची केबिन, मागे माल वाहण्यासाठी उघडा हौदा. एका बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या छपराखाली ती सोळा वर्षे उभी होती. केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालीत. इंजिनात उंदरांनी घर केले होते. भंगारवाल्याने एकदा तिच्याकडे पाहिले आणि तो पुढे गेला.

उल्हास घळसासींनी ती आपल्या बंगल्याच्या आवारात आणली. कोल्हापुरातल्या एका कारखान्यात ते तपासणी विभागाचे प्रमुख होते. नुकतेच निवृत्त झाले होते. त्या गोष्टीला आता चार वर्षे झाली.

या चार वर्षांत त्यांनी काय केले, ते प्रथम सांगितले पाहिजे. ज्याचा दोष सांगायचा, त्याचा गुण आधी सांगावा, हाच न्याय आहे.

गंजका पत्रा त्यांनी टाकून दिला नाही. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ते पत्रा ठोकायला शिकले. डावा अंगठा दोनदा फुटला. हौद्याला त्यांनी सागाच्या फळ्या बसवल्या आणि प्रत्येक फळीची कड हाताने घासून गोल केली. वायरींवर पूर्वी कापडी वेष्टण असे. तसे आता कोठे मिळेना, म्हणून त्यांनी सुती फीत आणून ती प्रत्येक वायरीवर स्वतः गुंडाळली. वेग दाखवणाऱ्या तबकडीवरचे आकडे झिजले होते. ते त्यांनी बारीक कुंचल्याने पुन्हा लिहिले. शेवटच्या आकड्यात रेघ किंचित हलली. त्यांनी सगळे आकडे पुसले आणि पहिल्यापासून लिहिले.

हे सारे कोणी पाहत नसताना झाले. परिश्रमाला परमेश्वर साक्षी असतो. परंतु मनुष्याला तेवढा साक्षीदार पुरत नाही.

म्हणून परवाचा रविवार ठरला होता. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांचा मुहूर्त. तोवर इंजिन एकदाही सुरू करायचे नव्हते. कारखान्यातली चाळीस माणसे येणार होती, आणि त्यांच्यासमक्ष ते प्रथम सुरू व्हायचे होते.

घळसासींच्या पत्नी वत्सलाबाई चहा घेऊन आल्या.

"उस्ताद, काहीतरी उणं काढाच," त्या म्हणाल्या. "नाहीतर परवापासून या घरात मला उभं राहायला जागा उरायची नाही. आधीच माझ्या सतरा साड्या हिनं खाल्ल्यात."

उस्ताद थांबले. "साड्या?"

"जुन्या. पुसायला लागतात." त्या क्षणभर थांबल्या. "त्यातल्या दोन जुन्या नव्हत्या."

उस्ताद हसले. मग त्यांनी चाकावरच्या मडगार्डवर तळवा ठेवला आणि डोळे मिटून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला.

"हा पत्रा कुणी ठोकला?"

"मीच."

"थापा मारू नका, साहेब."

"देवाशपथ, उस्ताद. मीच."

उस्तादांनी पुन्हा हात फिरवला.

"माझ्या बापानं असा ठोकला असता," ते म्हणाले, "तर आजानं त्याला इतकं मारलं नसतं."

घळसासींचा चेहरा उजळला. या एका माणसाच्या तोंडून असे काही ऐकावे, यासाठी ते किती दिवस थांबले होते, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक.

कारण उस्ताद साधे कारागीर नव्हते. इंजिनाचा कणा म्हणजे क्रँक. ती ज्यावर टेकून फिरते ते बेअरिंग. नव्या गाड्यांना ते तयार मिळते. इतक्या जुन्या गाडीला मात्र मऊ, पांढुरका धातू वितळवून ते जागच्या जागी ओतावे लागते, आणि नंतर हाताने तासून क्रँकशी जुळवावे लागते. हे जाणणारा माणूस जिल्ह्यात आता एकच उरला होता. उद्यमनगराच्या मागच्या गल्लीत त्याची भट्टी होती.

बेअरिंगे उस्तादांनी ओतून दिली होती. तासणे मात्र घळसासींनी मागून घेतले.

"हे मला करू द्या. मला शिष्य करा."

"शिष्य?" उस्ताद तेव्हा म्हणाले होते. "तुम्ही साहेब माणूस. बसा. बघा. जमलं तर करा."

तीन रविवार त्यांनी दाखवले. क्रँकला निळा रंग अगदी पातळ लावायचा. बेअरिंगवर टेकवून ती फिरवायची. मग बाजूला करून पाहायचे. जेथे निळे उमटले, तेथे उंचवटा. तेवढाच तासणीने तासायचा. जुनी तिकोनी कानस घासून केलेली ती तासणी. पुन्हा रंग. पुन्हा फिरवणे. पुन्हा तासणे.

"असं किती वेळा?" घळसासींनी विचारले होते.

"मोजू नका. मोजलं की घाई होते."

घळसासींनी सात आठवडे तासले. मग सगळे जोडले, तेल भरले, आणि इंजिन गाडीत चढवले.

आज उस्ताद ते पाहायला आले होते.

ते गाडीच्या पुढे उकिडवे बसले. "बिस्मिल्ला," असे पुटपुटून त्यांनी इंजिन हाताने फिरवण्याचे हँडल हातात घेतले. अर्धा फेरा दिला. थांबले. आणखी अर्धा दिला. मग गाल बंपरला टेकवून, एका हाताने, फार हळू, पूर्ण फेरा दिला.

इंजिनाने आवाज केला नाही.

"गोड फिरतीय," उस्ताद म्हणाले.

घळसासींनी पत्नीकडे पाहिले.

उस्तादांनी आणखी एक फेरा दिला.

"फार गोड फिरतीय..."

या वेळी त्यांचा स्वर निराळा होता. हँडल खाली ठेवून ते उठले.

"साहेब, मी गेल्यावर काय केलंत?"

"म्हणजे?"

"तासून झाल्यावर."

घळसासींना वाटले, हा प्रश्न कौतुकाचा आहे.

"अहो, तासणीच्या खुणा राहत होत्या ना! सगळीकडे बारीक बारीक ओरखडे. कोंबड्यांनी उकरल्यासारखं दिसायचं. मला बघवेना. मग पॉलिश पेपर आणला, सगळ्यात बारीक. तेल लावून आठ दिवस घासलं. असा आरसा झाला उस्ताद, की त्यात माझं तोंड दिसायला लागलं!"

"कुणाला दाखवलंत?"

"कुणाला दाखवायचं? मीच पाहिलं, मीच झाकलं."

उस्तादांनी बॉनेटवर नजर फिरवली.

...

मग त्यांनी तेलाची कुपी मागितली.

घळसासींनी ती दिली. उस्तादांनी चकाकत्या बॉनेटवर एक थेंब सोडला. घळसासींचा हात नकळत पुढे आला. त्यांनी तो आवरला. थेंब घसरत गेला, कडेवर क्षणभर लोंबला आणि जमिनीवर पडला. बॉनेटवर त्याचा मागमूस राहिला नाही.

मग उस्तादांनी एक थेंब आपल्या तळहातावर घेतला. हात उभा केला. तेल रेषांत शिरले आणि तेथेच थांबले.



"तुमचा हात आणा."

त्यांनी हात पुढे केला. तिसरा थेंब त्यांच्या तळव्यावर पडला. चार वर्षांच्या घट्ट्यांत आणि भेगांत तोही थांबला.

"हात शिकला," उस्ताद म्हणाले.

पुढे ते बोलले नाहीत. घळसासींना मात्र पुढचे ऐकू आले.

"म्हणजे... त्या खुणा हव्या होत्या?"

"तेल कुठं बसणार, साहेब?"

"पण माप बरोबर आहे! माझ्या वहीत सगळं आहे. केसभर फरक नाही. वही आणू?"

"मापात चूक न्हाई."

"मग?"

"धातू मऊ आहे. कागदाची कच त्याच्या पोटात जाऊन बसली. पुसून जात न्हाई. दिसत तर न्हाईच." उस्तादांनी आपल्या मनगटावर नखाने एक रेघ ओढली. काळ्या कातडीवर ती पांढरी उमटली. "क्रँक फिरली की असं."

घळसासी खाली बसले.

ती क्रँक एकच होती. तशी दुसरी मिळावी म्हणून त्यांनी दोन वर्षे चार देशांना पत्रे लिहिली होती. चारही ठिकाणांहून एकच उत्तर आले होते. ती चिरली असती, तर चार वर्षांची ती गाडी आवारातली एक शोभेची वस्तू होऊन राहिली असती. कायमची.

"उघडायचं म्हणता?"

"मी काहीच म्हणत न्हाई."

"परवा माणसं यायची आहेत."

"होय."

"एका दिवसात बेअरिंगं होणार नाहीत."

"महिना लागंल. पुन्हा ओतायची. पुन्हा तासायची."

...

घळसासींनी चाकाला हात टेकला. मग ते बोलले. स्वर लहान झाला होता.

"उस्ताद, नुसती दहा मिनिटं चालवली तर? लोकांपुरती. ते गेले की लगेच उघडतो. दहा मिनिटांत काय होणार आहे?"

बुद्धिमान माणसाचा मोह बुद्धिमानच असतो. तो पाप मागत नाही. तो फक्त दहा मिनिटे मागतो.

उस्तादांनी चहाचा कप उचलला. चहा निवला होता. तो त्यांनी एका घोटात संपवला.

"दहा मिनिटं गोड चालंल," ते म्हणाले. "टाळ्या पडतील."

"आणि मग?"

"गाडी तुमची आहे, साहेब."

एवढे बोलून ते फाटकाकडे निघाले. घळसासी मागोमाग गेले.

"रविवारी येणार ना?"

"बोलावलंय तर येईन की."

रिक्षा निघून गेली.

शनिवारी सकाळी वत्सलाबाई पूजा आटोपून बाहेर आल्या, तो पान्याचा आवाज त्यांच्या कानी पडला. गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते. शेजारच्या परातीत मधाच्या रंगाचे नवे तेल साचत होते.

"अहो, मुहूर्त उद्या आहे!"

"माहीत आहे."

"मग हे काय चाललंय?"

 नट फिरत राहिला.

त्या उभ्या राहिल्या. काल त्यांनी सगळे ऐकले होते.

"चाळीस फोन करावे लागतील," त्या म्हणाल्या. "मी करते. सांगते, तुम्हाला ताप आलाय."

पान्याचा आवाज थांबला.

...

"मला ताप आलेला नाही," घळसासी आतून म्हणाले.

"मग काय सांगू?"

"काही नको. येऊ देत."

वत्सलाबाई आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक साडी होती. ती जुनी नव्हती. त्यांनी ती गाडीशेजारी जमिनीवर अंथरली आणि चारही कोपऱ्यांवर विटा ठेवल्या.

रविवारी दहा वाजता माणसे आली. पांढरे सदरे, ठेवणीतल्या टोप्या. कोणी हार आणला, कोणी पेढे आणले. फाटकातून आत येताच प्रत्येक जण थबकला.

गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. पोट उघडे. समोर हिरव्या साडीवर बेअरिंगांचे खालचे अर्धे भाग एका ओळीत मांडलेले. ते उन्हात आरशासारखे चमकत होते. शेजारी तेलकट कपड्यांत घळसासी उभे होते.



आण्णाप्पा चौगुले पुढे आले. हे कारखान्यातले जुने टर्नर. तीस वर्षे लेथवर उभे राहिलेले. घळसासींनी ज्यांचे काम परत पाठवले अशांची यादी केली असती, तर त्यांचे नाव तीत पहिले आले असते. एक लोखंडी दांडा केसभर जाड राहिला, म्हणून घळसासींनी एकदा सर्वांदेखत तो त्यांच्या पुढ्यात ठेवला होता. त्यानंतर दोघांत कामापुरतेच बोलणे उरले होते.

"काय साहेब?" आण्णाप्पा मोठ्याने म्हणाले. "जन्मभर आमचा माल परत धाडलासा. आज तुमचाच परत आला व्हय?"

चाळीस माणसे हसली. तो हशा काही क्षणांचा नव्हता. पुष्कळ वर्षांचा होता.

घळसासी तो संपेपर्यंत उभे राहिले. मान खाली घातली नाही. वरही केली नाही.

"होय, आण्णाप्पा," ते म्हणाले. "परत आला. तुम्ही बघून सांगा."

आणि त्यांनी एक बेअरिंग उचलून आण्णाप्पांच्या हातात दिले.

हशा बंद झाला.

आण्णाप्पांनी ते उन्हात धरले. वळवले. अंगठा फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावरची थट्टा हळूहळू गेली.

"पेपर मारला?"

"होय."

"पांढऱ्या धातूला पेपर मारला, साहेब?"

"मारला."

"अवो, एकदा इचारायचं तरी आमाला."

"विचारलं नाही," घळसासी म्हणाले. "कधीच विचारलं नाही."

...

आण्णाप्पा साडीच्या कडेला बसले. एकेक बेअरिंग उचलून पाहू लागले. मग दुसरा एक जण बसला. मग तिसरा. कोणी हौद्याच्या फळ्यांवरून हात फिरवला. कोणी तबकडीवरचे आकडे पाहून मान डोलावली. "हे साहेबांनी केलं?" असे कोणी हळूच विचारले. "एकट्यानं," असे कोणी सांगितले.

"वरचं अर्धं तसंच हाय आत," आण्णाप्पा म्हणाले. "इंजिन उतरवाय लागंल. चेन-पुली हाय का?"

"आहे."

"मग बघत काय बसलाय? काढा सदरे."

सहा माणसांनी ठेवणीतले सदरे काढून कुंपणावर टाकले. हार कोणीतरी गाडीच्या आरशाला अडकवून ठेवला. साखळी वाजू लागली.

उस्ताद आले तेव्हा इंजिन हवेत लोंबत होते. त्याच्या एका बाजूला घळसासींचा हात होता, दुसऱ्या बाजूला आण्णाप्पांचा. "सावकाश, साहेब... माझ्याकडं घ्या... आता सोडा," असे आण्णाप्पा सांगत होते, आणि घळसासी तसे करीत होते.

उस्ताद एका कडेला उभे राहून पाहत राहिले. इंजिन ठोकळ्यांवर टेकले तेव्हा ते पुढे आले, साडीशेजारी बसले आणि त्यांनी एक बेअरिंग तोंडासमोर धरले.

"खरंच दिसतंय की तोंड," ते म्हणाले. "बरंच म्हातारं झालंय."

घळसासी हसले. मग त्यांनी कपाळावरचा घाम बाहीने पुसला आणि ते उस्तादांसमोर मातीत बसले.

"उस्ताद, उद्या भट्टी पेटवाल?"

"पेटवतो. तू येशील?"

ते 'तू' ऐकून घळसासींनी वर पाहिले.

"येईन," ते म्हणाले.

"सकाळी लवकर ये. कोळसा तुलाच घालायचाय."

"होय."

वत्सलाबाई घरातून आल्या. हातात ताम्हन होते. त्यात हळदकुंकू आणि नारळ. दहा वाजून वीस मिनिटे केव्हाच होऊन गेली होती. त्यांनी ठोकळ्यांवरची गाडी पाहिली, खाली उतरवलेले इंजिन पाहिले, बनियनवर उभी असलेली पाहुणेमंडळी पाहिली.

"आता या नारळाचं काय करू, उस्ताद?" त्या म्हणाल्या. "गाडी निघणार तरी कधी?"

उस्तादांनी घळसासींकडे आणि त्यांच्याभोवती जमलेल्या माणसांकडे पाहिले.

"निघाली की, ताई. सकाळीच."